वल्ह्याचा हात, लेखणीचा हात

भूर्जपत्र हा शब्द उच्चारला की साहित्याच्या विद्यार्थ्याला हस्तलिखित आठवते. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्याच सर्गात हिमालयाचे वर्णन करताना कालिदासाने भूर्जाच्या सालीवर धातुरसाने प्रेमपत्रे लिहिणाऱ्या विद्याधरस्त्रिया आणल्या आहेत; ‘विक्रमोर्वशीया’तले उर्वशीचे पत्रही भूर्जावरचेच. काश्मीरकडची कितीतरी शारदा हस्तलिखिते आणि १८८१ साली बख्शाली येथे सापडलेले गणिताचे बाड याच सालीवर आहे. आपल्या लेखी भूर्ज हे लिहिण्याचे झाड.

या झाडाचा एक सख्खा भाऊ उत्तर अमेरिकेत, कॅनडाच्या सरोवरांच्या पट्ट्यात विपुल आढळतो. वनस्पतिशास्त्राने त्याचे नाव ठेवले आहे ‘बेट्युला पॅपिरिफेरा’, म्हणजे कागद देणारा भूर्ज. ओजिब्वे लोकांनी या सालीवर आपले धार्मिक चित्रलेख कोरले, हे खरे. परंतु सेंट लॉरेन्स नदीपासून सुपीरियर सरोवरापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे या सालीने इतिहास घडवला तो होडीच्या रूपाने. ज्या सालीवर आपण लिहिले, त्या सालीत बसून तिकडची माणसे हजारो मैल गेली. हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण त्या होडीचा इतिहास वाचू लागलो की एक प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा येतो आणि तो लेखनाशीच संबंधित आहे. होडी ज्यांनी बांधली आणि वल्हवली, त्यांनी लिहिले नाही. ज्यांनी लिहिले, ते होडीत बसलेले होते. मग त्या जलप्रवासाचे जे वाङ्मय आज आपल्यासमोर आहे, ते कोणाचे?

होडीच्या नावापासूनच ही गोष्ट सुरू होते. इंग्रजीतला ‘कनू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील टायनो लोकांचा. १४९२ च्या सफरीत तो कोलंबसाच्या कानावर पडला आणि १४९५ च्या सुमारास नेब्रिहाच्या स्पॅनिश कोशात जाऊनही बसला. पुढे फ्रेंच आणि इंग्रज उत्तरेकडे पोहोचले तेव्हा, टायनोंशी काडीचाही संबंध नसलेल्या, अगदी वेगळ्या जातीच्या होडीला त्यांनी हेच नाव लावले. ओजिब्वे भाषेत तिला ‘जिमान’ म्हणतात. (कयाक हा शब्द मात्र आपल्या घरचाच राहिला: इन्युइट लोकांची ती कातडी मढवलेली, वरून बंद, एका माणसाची, मुख्यतः शिकारीची होडी. कनू वरून उघडी असते आणि तिचे वल्हे एका पात्याचे असते. हा फरक पुढे कामाला येईल.)

भूर्जसालीची होडी बांधण्याची रीत आपल्या सुतारकामाच्या कल्पनेला उलटी वाटावी अशी आहे. आपल्याकडे, किंवा युरोपातही, आधी सांगाडा उभा राहतो आणि मग त्यावर फळ्या चढतात. इथे आधी कातडे, मग हाडे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडाची साल अखंड सोलून घ्यायची, ती जमिनीवर अंथरून दगडांच्या वजनाखाली दाबायची, कडा वर वळवून खुंट्यांनी धरायच्या आणि शिवायच्या. झाडावर असताना जी बाजू आत असते ती होडीत पाण्याकडे येते. मग आत सीडारच्या पातळ पट्ट्या आणि वाफवून वाकवलेल्या फासळ्या ठोकून बसवायच्या म्हणजे साल ताणली जाऊन आकार घेते. खिळा एकही नाही. शिवण स्प्रूसच्या चिरलेल्या मुळ्यांची, आणि शिवणीवर स्प्रूसचाच डिंक, चरबी व कोळशाची पूड घालून उकळलेला. होडी फाटली तर दुरुस्तीचे सगळे सामान काठावरच्या रानात उभे असते. लोखंडी हत्यारे आली तेव्हा काम सोपे झाले, रीत बदलली नाही.

मुळ्या खणणे, चिरणे, शिवणे आणि डिंक भरणे ही कामे बहुतेक ठिकाणी बायकांची असत. फर व्यापाऱ्यांच्या ठाण्यांवरही होड्यांसाठी मुळ्या गोळा करणाऱ्या आणि शिवणाऱ्या मूळनिवासी स्त्रियाच होत्या. पाणी आत येणार की नाही, हे ज्या शिवणीवर ठरते ती शिवण घालणाऱ्या या हातांची नावे जवळजवळ कुठेच नाहीत.

ही विद्या कागदावर उतरली ती फार उशिरा आणि एका परक्याच्या हातून. एडविन टॅपन ॲडनी (१८६८–१९५०) हा अमेरिकन तरुण १८८७ मध्ये न्यू ब्रन्सविकमधल्या वुडस्टॉकला आला आणि पीटर जो या वोलास्तोकी कारागिराजवळ होडी बांधायला शिकला. उरलेले आयुष्य त्याने वेगवेगळ्या जमातींच्या होड्या मोजण्यात, रेखाटण्यात आणि एकास पाच प्रमाणात त्यांच्या प्रतिकृती करण्यात घालवले. शंभरावर प्रतिकृती त्याने केल्या. पुस्तक मात्र त्याच्या हयातीत झाले नाही. त्याच्या कागदांवरून हॉवर्ड चॅपेल यांनी सिद्ध केलेला ग्रंथ स्मिथसोनियन संस्थेने १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. आज जे कोणी ही होडी नव्याने बांधायला घेतात, त्यांतले अनेक जण, मूळनिवासी कारागीरही, या ग्रंथाकडे वळतात. ॲडनी स्वतः शिकला होता, त्याचे हात खराब झाले होते, म्हणूनच ग्रंथ विश्वसनीय उतरला असे मला वाटते. पण असा लेखक अपवाद म्हणायचा.

नियम कोणता, ते फर व्यापारात दिसते. युरोपात बीव्हरच्या लोकरीच्या नमद्याच्या टोप्यांची चटक लागली आणि त्यासाठी माँट्रियलच्या व्यापाऱ्यांना खंडाच्या पोटात शिरावे लागले. रस्ते नव्हते, नद्या आणि सरोवरे होती. आणि त्यांवर चालेल असे एकच वाहन होते. मूळ होडी मोठी करून व्यापाऱ्यांनी तिला मालवाहू केले. माँट्रियलहून सुपीरियर सरोवरापर्यंत जाणारी होडी सुमारे छत्तीस फूट लांबीची, तीन टनांच्या आसपास माल नेणारी; त्यापुढच्या अरुंद नद्यांसाठी पंचवीस फुटी. वल्हवणारे बहुतेक सेंट लॉरेन्सच्या काठचे फ्रेंच भाषक शेतकऱ्यांचे मुलगे. त्यांना ‘वोयाजर’ म्हणत, शब्दशः प्रवासी, पण पगारी. मिनिटाला पन्नासच्या आसपास वल्ह्याचे फटके, दिवसाचे चौदा-चौदा तास. जिथे धबधबा किंवा खडकाळ उतार आडवा येई तिथे होडी खांद्यावर आणि माल पाठीवर घेऊन चालायचे. नव्वद पौंडांचे एक गाठोडे, अशी किमान दोन गाठोडी एका खेपेला, भार कपाळावरच्या चामडी पट्ट्यावर. सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाकडची ‘ग्रँड पोर्टाज’ नावाची अशी वाट साडेआठ मैलांची होती. पाण्यावरचे अंतर ते मैलांत मोजत नसत, चिलमींत मोजत. तासाभराने वल्हे थांबवून चिलीम ओढायची. म्हणजे अमुक सरोवर इतक्या चिलमींचे. ‘कोस’ या शब्दामागे हाक किंवा आरोळी ऐकू जाण्याचे अंतर आहे असे आपण शिकवतो. ही त्याच घराण्यातली मोजणी.

यातल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हते. कंपनीशी होणारा त्यांचा करार माँट्रियलचा नोटरी लिही, आणि खाली सहीच्या जागी फुली. असे हजारो करारनामे अभिलेखागारांत आहेत. त्यात वल्हेकऱ्याचे नाव, गाव, मजुरी आणि होडीतली त्याची जागा लिहिलेली असे: पुढची, सुकाणूची की मधली. पुढे बसणारा खडक हेरतो, मागचा दिशा धरतो. त्यांना मजुरी अधिक. मधल्यांनी नुसते वल्हवायचे, त्यांना सर्वांत कमी. आणि याच मधल्या भागात गाठोड्यांना टेकून बसायचा तो व्यापारी, कंपनीचा भागीदार. रोजनिशी त्याच्याकडे असे. सर्वांत कमी मजुरीचा माणूस आणि रोजनिशी लिहिणारा माणूस यांच्यात हातभराचे अंतर होते. तरीही एकाच्या पाठीच्या दुखण्याचा उल्लेख दुसऱ्याच्या रोजनिशीत शोधावा लागतो.

अलेक्झांडर मॅकेंझीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मेक्सिकोच्या उत्तरेला हा खंड ओलांडून पॅसिफिकला पोहोचलेला पहिला युरोपीय म्हणून त्याची नोंद होते. १७९३ च्या त्या मोहिमेसाठी बांधलेली होडी पंचवीस फूट लांब होती, तीन हजार पौंड ओझे घेई, आणि तरी इतकी हलकी होती की दोन माणसे तिला न थांबता तीन-चार मैल वाहून नेत. सहा वोयाजर आणि दोन मूळनिवासी शिकारी-दुभाषे बरोबर होते. १८०१ मध्ये आलेल्या ग्रंथात मॅकेंझीने सहाही वोयाजरांची नावे दिली आहेत. जोसेफ लाँद्री आणि शार्ल द्युसेत तर १७८९ च्या उत्तरेकडील सफरीतही त्याच्याबरोबर होते. एवढी सचोटी त्या काळी सर्वांनी दाखवली असे नाही, त्याबद्दल मॅकेंझीला श्रेय द्यायला हवे. पण नावांपलीकडे? ही माणसे ग्रंथात घाबरतात, कुरकुरतात, समजूत घातल्यावर पुन्हा वल्ही उचलतात. म्हणजे ती बोलतात, पण नेहमी अप्रत्यक्ष कथनात. (ग्रंथाची भाषा तरी मॅकेंझीची कुठे आहे? त्याच्या रोजनिशीवरून छपाईयोग्य मजकूर तयार केला विल्यम कूम या इंग्रज लेखकाने, ज्याने ती नदी पाहिलीही नव्हती.) २२ जुलै १७९३ रोजी मॅकेंझीने पॅसिफिकच्या एका खाडीत खडकावर हिंगूळ चरबीत कालवून आपले नाव, तारीख आणि आपण कॅनडाहून जमिनीवरून आलो असल्याची नोंद लिहिली. ‘जमिनीवरून’चा अर्थ तेथे ‘समुद्रमार्गे नव्हे’ एवढाच; शेवटचा मोठा टप्पा पायीही झाला होता. तरीसुद्धा इतक्या नद्या वल्हवून आलेल्यांच्या समोर खडकावर तो शब्द उमटताना पाहून लाँद्रीला काय वाटले असेल, ही कल्पना मला सोडत नाही. त्याला तो वाचता येत होता की नाही, हा आणखी वेगळा प्रश्न.

वोयाजरांनी लिहिले नाही, पण गायले. होडीतल्या सगळ्यांचे वल्हे एका ठेक्यात पडले पाहिजे, म्हणून गाणे हे कामाचे साधन होते. चांगल्या गळ्याच्या माणसाला मान असे. आणि गाणी कशाची? होडीची क्वचित. झऱ्याकाठी आठवण काढत बसलेला प्रियकर, गुलाबाचे फूल, बदके मारायला निघालेला राजपुत्र असली फ्रान्सच्या खेड्यांतून आलेली गाणी. आपल्याला याचे नवल वाटू नये. जात्यावरची ओवी दळणाविषयी किती बोलते? ती माहेराविषयी, भावाविषयी, विठोबाविषयी बोलते. दळण तिच्या लयीत असते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यामुळे निदान या लयीमागची बाई आपल्याला नावानिशी भेटते. वोयाजरांच्या वाट्याला असा संग्राहक आला तो एडवर्ड अर्माटिंगर हा हडसन्स बे कंपनीचा कारकून. त्याने १८३० च्या आसपास अकरा गाणी चालीसकट टिपली. ती छापली गेली १९५४ मध्ये.

त्याआधी दीडशे वर्षे दुसऱ्याच एका गाण्याने सारे इंग्रजी दिवाणखाने जिंकले होते. आयरिश कवी टॉमस मूर १८०४ मध्ये किंग्स्टनहून माँट्रियलकडे सेंट लॉरेन्समधून नावेने आला. वल्हेकरी गात होते. त्यांच्या चालीवर मूरने आपले इंग्रजी शब्द बसवले आणि १८०६ च्या संग्रहात ‘अ कॅनेडियन बोट साँग’ अवतरले. चाल वल्हेकऱ्यांची आहे हे त्याने टिपेत प्रामाणिकपणे सांगितले आहे. शब्द मात्र त्यांच्या गाण्याचे भाषांतर नाहीत. संध्याकाळ, घंटानाद, समोरचे खळाळ, असे प्रवासी कवीला दिसलेले चित्र आहे आणि ते ‘आम्ही वल्हवतो’ या भूमिकेतून मांडले आहे. इंग्रजी कवितेत कॅनडाचा वल्हेकरी ‘आम्ही’ म्हणून पहिल्यांदा गाजला तेव्हा त्या ‘आम्ही’मागे वल्हे न धरलेला माणूस होता.

पुढच्या अर्धशतकात मधल्या जागेवर बसणाऱ्यांचे वाङ्मय आणि चित्रे वाढत गेली. ॲना जेमसन या लेखिकेने १८३७ मध्ये सू सेंट मेरीचा खळाळ ओजिब्वे नावाड्याच्या भरवशावर छोट्या होडीतून पार केला आणि त्याचे वर्णन पुढच्या वर्षीच्या प्रवासग्रंथात केले. वर्णन आजही ताजे वाटते, कारण आपण प्रवासी आहोत हे तिने लपवलेले नाही. फ्रान्सिस ॲन हॉपकिन्स (१८३८–१९१९) तर याहून धीट. नवरा हडसन्स बे कंपनीत वरच्या हुद्द्यावर. त्याच्याबरोबर तिने मोठ्या होड्यांतून प्रवास केले आणि व्यापाराच्या त्या शेवटच्या दिवसांची चित्रे काढली. १८६९ च्या धबधब्याजवळून जाणाऱ्या होडीच्या चित्रात वल्हेकऱ्यांच्या मधोमध नवऱ्याशेजारी ती स्वतः बसली आहे. इतिहासाची साधने शिकवताना हे चित्र वर्गात जरूर दाखवावे. पाहणारा कुठून पाहतो आहे, हे चित्रकर्तीने चित्रातच दाखवून ठेवले आहे.

लाँगफेलोच्या ‘हायावाथा’त (१८५५) मात्र असे काहीच उरत नाही. ते काव्य हेन्री स्कूलक्राफ्टने प्रसिद्ध केलेल्या ओजिब्वे कथांवर उभे आहे, आणि त्या कथा स्कूलक्राफ्टला मिळाल्या त्या मोठ्या प्रमाणात त्याची पत्नी जेन आणि तिच्या माहेरच्या माणसांकडून. जेन जॉन्स्टन स्कूलक्राफ्ट (१८००–१८४२) स्वतः ओजिब्वे आणि इंग्रजीत कविता लिही. तिचे समग्र लेखन पुस्तकरूपाने यायला २००७ उजाडले. लाँगफेलोने इरोक्वाय नेत्याचे नाव ओजिब्वे कथानायकाला देऊन टाकले, हा घोटाळा सर्वश्रुत आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो होडी बांधण्याचा सातवा सर्ग. साल, सीडार, मुळ्या, डिंक, सगळे साहित्य क्रमाने येते. माहिती बरोबर आहे. पण बांधणारा एकटा नायक आहे, शिवणारी बाई नाही. आणि शेवटी कवी सांगतो की या नायकाला वल्ह्याची गरजच नव्हती, त्याचे विचारच वल्ह्याचे काम करीत. काव्य म्हणून ही कल्पना रम्य आहे, हे कबूल. पण सुपीरियर सरोवरावर ज्यांचे खांदे त्या वल्ह्यांनी झिजले, त्यांच्या होडीतून वल्हेच काढून घेणे ही रोमँटिक कवितेची कमाल म्हटली पाहिजे. आपल्या भक्तिपरंपरेतही भवसागर तरून नेणारा नावाडी प्रत्यक्ष देवच असतो, आणि पंढरपूरला चंद्रभागेत होडी घालणारा कोळी त्या रूपकात क्वचितच दिसतो. तेव्हा लाँगफेलोवर फार रागावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

इकडे युरोपात लेखकाने स्वतः वल्हे हाती घेतले ते १८६५ मध्ये. जॉन मॅकग्रेगर या वकिलाने ‘रॉब रॉय’ नावाची लाकडी होडी बांधून घेतली आणि युरोपातल्या नद्या एकट्याने वल्हवल्या. तो तिला कनू म्हणे. पण वरून झाकलेली, दुहेरी पात्याच्या वल्ह्याची ती होडी वळणाने कयाकच होती. पुस्तक तुफान खपले, पुढच्याच वर्षी क्लब निघाला. १८७६ मध्ये स्टीव्हन्सन मित्राबरोबर बेल्जियम-फ्रान्सच्या नद्या-कालव्यांतून गेला, त्यातून त्याचे पहिले पुस्तक झाले. दोन्ही पुस्तके वाचनीय आहेत. पण वल्हवणे हा आता छंद झाला होता. मजुरी उरली नव्हती.

मजुरीच्या बाजूने लेखणी उचलली गेली ती १८८५ मध्ये, आणि तीही कॅनडाच्या नदीवर नव्हे, नाईलवर. खार्टूममध्ये अडकलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी ब्रिटिश सैन्य नाईलमधून वर न्यायचे होते. सेनापती वूल्झ्लीला आपल्या कॅनडातल्या जुन्या मोहिमेतले वल्हेकरी आठवले. सुमारे चारशे कॅनेडियन नावाडी भरती झाले. त्यांत माँट्रियलजवळच्या कानावागे येथील साठेक मोहॉक होते. गॉर्डन जानेवारी १८८५ मध्ये मारला गेला, मोहीम फसली. परत आल्यावर मोहॉकांच्या तुकडीचा प्रमुख लुई जॅक्सन याने एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि जेम्स डीअर या दुसऱ्या मोहॉकाने आणखी एक. जॅक्सनचे पुस्तक साहित्यिक डौलाचे नाही. पण त्यात पाणी वाचणारा माणूस बोलतो: कुठला प्रवाह कसा चढायचा, दोर कुठे बांधायचा. काठावरची माणसे आणि शेतीही तो पाहतो. साम्राज्याच्या मोहिमेत पगारी नावाडी म्हणून गेलेला हा माणूस दुसऱ्याच एका जित लोकांकडे पाहतो आहे, हा पेच पुस्तकात उलगडलेला नाही. पण तो पेच त्याच्याच शब्दांत आपल्यापर्यंत आला आहे. वसाहतकालीन प्रवासवाङ्मयाच्या अभ्यासक्रमात हे चिमुकले पुस्तक का नसावे, मला कळत नाही.

त्यानंतर सातच वर्षांनी पॉलीन जॉन्सन (१८६१–१९१३) रंगमंचावर आली. वडील मोहॉक मुखिया, आई इंग्रज; बालपण ग्रँड नदीकाठी. ती स्वतः निष्णात वल्हेकरी होती. १८९२ मधली ‘द साँग माय पॅडल सिंग्ज’ ही तिची कविता, पुढे ‘द व्हाइट वॉम्पम’ (१८९५) या संग्रहात आली आणि कॅनडातल्या शाळकरी मुलांच्या कैक पिढ्यांनी ती पाठ केली. कवितेतली स्त्री वाऱ्याची आर्जवे करून थकते, शीड उतरवून ठेवते आणि वल्हे हाती घेते, मग खळाळ. शीर्षकातला ‘माझे’ हा शब्द मूरच्या ‘आम्ही’शेजारी ठेवून पाहावा. अर्थात इथेही सगळे सरळ नाही. तिच्या काळापर्यंत भूर्जसालीची जागा फळ्यांच्या, पीटरबरोसारख्या गावांत बनणाऱ्या होड्यांनी घेतली होती. तिचे वल्हवणे मॅकग्रेगरच्या छंदाच्या जवळचे, लाँद्रीच्या मजुरीच्या जवळचे नव्हे. कार्यक्रमाच्या पूर्वार्धात हरणाच्या कातड्याचा वेश आणि उत्तरार्धात इंग्रजी पद्धतीचा झगा घालून ती कविता म्हणे. प्रेक्षकांना ‘इंडियन राजकन्या’ हवी होती आणि तिला पोट भरायचे होते. तरीही वल्ह्याचा हात आणि लेखणीचा हात एकाच देहाचे असल्याचे कॅनडाच्या इंग्रजी कवितेत तिच्याइतके ठळकपणे तोवर कोणी दाखवले नव्हते.

आज पीटरबरो येथेच कॅनडाच्या होड्यांचे संग्रहालय आहे. सहाशेहून अधिक होड्या आणि कयाक तिथे आहेत. २०२४ मध्ये ते लिटल लेकच्या काठावरच्या नव्या इमारतीत गेले. मुलांना तिथे वल्हवायलाही शिकवतात. परंतु या सगळ्या प्रवासात मला परत परत पाहावीशी वाटते ती एक जुनी फिल्म. १९७१ मध्ये बर्नार गोस्लँ याने नॅशनल फिल्म बोर्डासाठी केलेली, तासाभराची. मानावान येथील सेझार न्यूआशीश हे सदुसष्ट वर्षांचे अतिकामेक गृहस्थ भूर्जसालीची होडी बांधतात, एवढेच तिच्यात आहे. निवेदक नाही. अधूनमधून पडद्यावर क्री, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषांत चार शब्द येतात आणि जातात. बाकी सगळा वेळ वाकडी सुरी सीडारवरून सरकल्याचा आवाज, साल ताणली जाताना होणारी करकर, आणि हात.